रोहिणीच्या काठावर कोणाला माहीत होते?



ज्येष्ठ पौर्णिमेच्या वंदनेनंतर सगळे पांगत असताना एक भगिनी थांबून राहिली. तिच्या कुटुंबाने गेल्या अशोक विजयादशमीला धम्मदीक्षा घेतली आहे. ती म्हणाली, "गुरुजी, त्रिसरण-पंचशील पाठ झाले. घरातले देव नदीत सोडले. उपास बंद केले. पण वस्तीत पाणी चार दिवसांआड येते, ते काही बदलले नाही. यावर धम्म काही सांगतो का? की हा प्रश्न ग्रामपंचायतीचा?"

घाईत होतो, म्हणून मी तिला म्हटले, "पुढच्या पौर्णिमेला सांगतो." पण प्रश्न मनातून जाईना. देव नदीत सोडले म्हणजे नदीवर आणखी एक भार टाकला, असे गमतीने म्हणता आले असते. पण तिने विचारले होते ते गंभीर होते. आपण नव्याने धम्मात आलेली माणसे अनेकदा असे समजतो की धम्म विहारात असतो आणि पाणी, रेशन, रस्ता, शाळा हे सारे बाहेर राजकारणात असते. भगवान बुद्धांच्या चरित्रातच एक नदी आहे, आणि त्या नदीच्या पाण्याचे भांडण आहे, हे आपल्याला कोणी नीट सांगितलेले नसते. म्हणून आज त्या नदीबद्दल बोलायचे आहे.

नदीचे नाव रोहिणी. तिच्या एका बाजूला शाक्यांची कपिलवस्तू, दुसऱ्या बाजूला कोलीयांचे नगर. दोघे एकमेकांचे सोयरे, लेकी-सुना एकमेकांच्या घरात. नदीवर एक बांध घातलेला होता आणि त्याच बांधाच्या पाण्यावर दोन्ही काठांची शेती होत असे. पाली अट्ठकथेत ही गोष्ट फार बारकाईने आली आहे. महिना ज्येष्ठाचा. उन्हाने पिके माना टाकू लागलेली. दोन्हीकडचे शेतावर राबणारे लोक, दास आणि मजूर, बांधापाशी जमले. कोलीयांकडचे म्हणाले, "हे पाणी दोघांत वाटले तर तुम्हालाही पुरणार नाही, आम्हालाही नाही. आमचे पीक एका पाण्यावर येईल, तेव्हा पाणी आम्हाला द्या." शाक्यांकडचे म्हणाले, "म्हणजे तुमच्या कणग्या भरल्यावर आम्ही सोने-नाणे घेऊन तुमच्या दारात धान्य मागत फिरायचे? आमचेही पीक एका पाण्यावर येईल."

थोडा विचार करा. यात खोटे कोणीच बोलत नव्हते. दोघांचेही पीक एका पाण्यावर येणार होते आणि पाणी एकाच पिकापुरते होते. ज्यांनी कॅनॉलच्या शेवटच्या टोकाला उभे राहून पाळीची वाट पाहिली आहे त्यांना हे भांडण अडीच हजार वर्षांपूर्वीचे वाटणार नाही.

शब्दाने शब्द वाढला. एकाने हात उगारला, दुसऱ्याने परत मारले. आणि मग काय झाले? त्यांनी एकमेकांची कुळे काढली. तुमचे पूर्वज असे होते, तुमचे तसे होते, अशी शिवीगाळ सुरू झाली. पाण्याची गोष्ट कुळावर गेली. आपल्या गावातही पाण्याचे भांडण तिसऱ्या वाक्याला जातीवर जाते, हे तुम्ही पाहिलेच असेल. मजुरांनी जाऊन अधिकाऱ्यांना सांगितले, अधिकाऱ्यांनी राजकुळांना सांगितले. पण वर जाताना त्यातले पाणी गळून गेले आणि शिवी तेवढी पोचली. कुळाचा अपमान झाला म्हणून दोन्हीकडची सैन्ये शस्त्रे घेऊन नदीकाठी उभी राहिली.

तेव्हा तथागत तेथे आले. त्यांनी राजांना विचारले, "हा कलह कशाबद्दल आहे?" राजे म्हणाले, "आम्हाला माहीत नाही." मग कोणाला माहीत असेल? सेनापतीला. सेनापतीला विचारले, त्यालाही माहीत नाही. त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. असे विचारत विचारत प्रश्न खाली खाली आला आणि शेवटी शेतावर राबणाऱ्या दास-मजुरांपाशी येऊन थांबला. ते म्हणाले, "भन्ते, पाण्याबद्दल."

मग तथागतांनी विचारले, पाण्याचे मोल किती? थोडे. आणि क्षत्रियांचे? अमोल. मग थोड्या मोलाच्या वस्तूसाठी अमोल वस्तूचा नाश का करता? एवढे झाल्यावर सैन्ये मागे फिरली.

ही कथा सांगताना बहुतेक प्रवचनकार या शेवटच्या प्रश्नोत्तरावर थांबतात, आणि ते योग्यच आहे. रक्तापेक्षा पाणी स्वस्त हे सांगितलेच पाहिजे. परंतु मला त्याच्या आधीचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पूर्ण सैन्य उभे आहे, राजे आहेत, सेनापती आहेत, आणि भांडण कशाचे हे एकालाही ठाऊक नाही. ठाऊक कोणाला? ज्याचे पाय चिखलात आहेत त्याला. ज्याने बांध फोडला आणि बुजवला त्याला. तथागतांनी पहिल्याच उत्तरावर समाधान मानले असते तर चर्चा कुळाच्या मानापमानाची झाली असती. त्यांनी विचारणे थांबवले नाही. पाण्याचा प्रश्न सोडवायचा तर पाणी धरणाऱ्यापर्यंत विचारत जावे लागते, ही त्यातली शिकवण आहे. आणि आपण, उपासकांनो, पिढ्यानपिढ्या त्या शेवटच्या रांगेतले लोक आहोत. आपल्यापर्यंत विचारत कोणी आले नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणीची हकीकत वेगळ्या जागी ठेवली आहे. अट्ठकथेत ती बुद्धत्वप्राप्तीनंतरची आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथात ती सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण आहे. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांचा माणूस अचानक घर सोडतो, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांच्या बुद्धीला पटली नाही. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. शाक्य तरुण विसाव्या वर्षी संघाचा सभासद होत असे. सिद्धार्थही झाला. सभासदाची जी कर्तव्ये त्याला सांगण्यात आली त्यांत एक कर्तव्य असे होते की संघाच्या सभेला गैरहजर राहता कामा नये. आणखी एक असे की शाक्याच्या वागण्यात दोष दिसला तर भीड किंवा भीती न बाळगता तो उघड केला पाहिजे. आठ वर्षे त्याने हे सभासदत्व निष्ठेने पाळले. त्याच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रोहिणीच्या पाण्यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी झाली. सेनापतीने सभेत युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ विरोधाला उभा राहिला. तो म्हणाला की आधी आगळीक कोणाची ते शोधू, कारण आपले लोकही निर्दोष नाहीत असे ऐकतो. मग त्याने एक सूचना केली. आपल्यातले दोन निवडा, कोलीयांना त्यांच्यातले दोन निवडू द्या, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा मिटवावा.

बहुमताने सूचना फेटाळली गेली. पुढचे तुम्हाला माहीत आहे. सैन्यात जाण्यास नकार, संघाची धमकी, कुटुंबावर बहिष्कार आणि शेतजमीन जप्तीची भीती, आणि परिव्रज्या.

पाच माणसांची ती समिती कधी बसलीच नाही. पण तिची रचना पाहा. पाणी ज्या दोघांचे, त्या दोघांना सारखी संख्या. वरून कोणी अधिकारी नेमायचा नाही. पाचवासुद्धा चौघांनी मिळून निवडायचा. नदीचे व्यवस्थापन लोकांनी करावे म्हणून आज कायदे होतात, शिबिरे होतात, तज्ज्ञ भाषणे करतात. त्याचे मूळ बीज कपिलवस्तूच्या सभागृहात एका तरुणाने मांडलेल्या आणि हरलेल्या ठरावात आहे, असे मी म्हणालो तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता आपल्या तळ्याकडे येऊ. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण दर २० मार्चला सांगतो. १९२७ साली बाबासाहेब ओंजळीने पाणी प्याले, मागोमाग हजारो प्याले, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, शेण-गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु या गोष्टीचे दुसरे अंग आहे ते ठरावांचे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे सत्याग्रहाच्या तीन वर्षे आधी कागदावर तळे आपलेच होते! कोणी पाणी भरू शकत नव्हते, ही गोष्ट वेगळी. सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग काही मंडळी कोर्टात गेली की तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी मालकीचे आहे. तो दावा हायकोर्टापर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल आपल्या बाजूने लागला. एका ओंजळीला दहा वर्षे!

यातून काय दिसते? तळे ठरावाने उघडले, ठरावाने बंद झाले. ठराव करणाऱ्या खोलीत जे बसले होते त्यांच्यात काही सज्जन होते, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्याशिवाय पहिला ठराव झाला नसता. पण सज्जनांच्या मतांची बेरीज बदलली की आपले पाणी बंद. पाणी पिण्याचा हक्क आणि पाण्याबद्दल ठरवण्याचा हक्क हे दोन निराळे हक्क आहेत. पहिला आपण महाडला मिळवला. दुसऱ्याचे काय केले?

बाबासाहेब स्वतः त्या दुसऱ्या हक्काच्या जागी जाऊन बसले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. बंगाल आणि बिहार अशा दोन प्रांतांतून वाहणाऱ्या दामोदर नदीचा एकत्र विचार व्हावा, पूर, पाटपाणी आणि वीज यांची व्यवस्था एका मंडळाने पाहावी, या कामाची पायाभरणी त्या काळात झाली. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला. ज्याला लहानपणी शाळेत माठाला हात लावण्याची मनाई होती, त्या माणसाने देशाच्या नद्यांचा विचार केला. आपण मात्र गावच्या टाकीचा विचार करायला कचरतो.

इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना लाज वाटते.

माझी आजी विहिरीपासून दूर घागर ठेवून तासन् तास उभी राहत असे. कोणाला दया आली तर तो वरून पाणी वाढी. माझी आई रोजंदारीवर शेतात जाते. आमच्या गावाला नळयोजना आहे: नदीच्या पात्रालगत उद्भव विहीर, तेथून टाकी, टाकीतून घरोघर नळ. आमची वस्ती पाइपलाइनच्या शेवटी आणि थोडी चढावर. वॉलमन कॉक सोडतो तेव्हा आधी खालचे गाव भरते, मग बाजारपेठ, मग आम्ही. अशा योजनांसाठी गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले, त्याच्या नियमांप्रमाणे या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांना वस्तीच्या प्रमाणात जागा असाव्यात. नियम चांगला आहे. त्या नियमामुळे माझ्या आईचे नाव समितीत आले.

तीन वर्षे ती सभासद होती आणि हे मला ठाऊक नव्हते. तिलाही नीट ठाऊक नव्हते. मी परगावी नोकरीला. एकदा सुट्टीत गेलो असताना शिपाई वही घेऊन दारात आला. आईने हात पदराला पुसले, वही मांडीवर घेतली आणि सही केली. शिपाई गेल्यावर मी विचारले, "आई, कशाची सही?" ती म्हणाली, "पाण्याची असती. मला काय कळतंय त्यातलं? मागितली, केली."

ती सही मीच तिला शिकवली होती. नववीत असताना, पाटीवर, रोज संध्याकाळी. अंगठा उठवायचा नाही म्हणून मी हट्ट धरला होता. पहिल्यांदा रेशन दुकानात तिने सही केली तेव्हा आमच्या घरी गोड झाले होते. आणि आता तीच सही, ज्या बैठकीला ती कधी गेली नाही त्या बैठकीच्या खाली उमटत होती. वहीत वरती काय लिहिले होते? 'सर्वानुमते मंजूर.' वस्तीला चार दिवसांआड पाणी हेसुद्धा तिच्या संमतीनेच ठरलेले होते.

आपण पटकन म्हणतो, गावाने फसवले. फसवलेच. पण मी शिकलेला मुलगा, विद्यापीठाची पदवी घेतलेला, दर पौर्णिमेला लोकांना प्रज्ञेवर प्रवचन देणारा, मी तीन वर्षांत एकदाही विचारले नाही की आपल्या वस्तीच्या पाण्याचा निर्णय कोण घेते. संघाच्या सभेला गैरहजर राहू नये हे कर्तव्य मला तोंडपाठ होते.

असो. पाण्याचा कारभार लोकांनी हाती घेतल्याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रात आहेत, आणि ती जुनी आहेत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धत होती: बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचे आणि त्याला मोबदला गावाने द्यायचा. तिचे कौतुक अवश्य करावे. मात्र जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना, त्या पाण्याच्या हिशोबात आपले आजे-पणजे कोठे बसलेले होते, हेही विचारावे. ज्याच्या नावावर जमीन त्याचे पाणी, असाच तो हिशोब होता.

हा हिशोब ज्याने मुळातून बदलला तो प्रयोग पुरंदर तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते तेव्हा विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे एक इंजिनियर-कारखानदार तिकडे गेले. पुढे नायगावला त्यांनी माळरानाची पडीक जमीन घेऊन पाणी अडवण्याचे काम केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणसांच्या मापाने द्यायचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. मग कोणाची जमीन वीस एकर का असेना. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः भरायचा. आणि भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा!

शेवटचा नियम ऐकून पहिल्यांदा माणूस गोंधळतो. जमीन नाही त्याने पाणी घेऊन काय करायचे? करायचे खूप आहे. त्याच्याकडे पाण्याचा हिस्सा असेल तर तो दुसऱ्याची कोरडवाहू जमीन वाट्याने करू शकतो. आजवर जमीनवाला म्हणे, "जमीन माझी, तू ये आणि राब." आता मजूर म्हणू शकतो, "पाणी माझे, बोला काय देता." मजुराला उभे राहायला जागा मिळते ती अशी. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले, त्यातही भूमिहीनांसह सर्वांना सारखे पाणी हेच तत्त्व धरले होते. नदीतली वाळू कंत्राटदार उपसून नेत होते. थोडी वाळू विकून त्यातून धरणाला पैसा उभा करण्याची परवानगी त्या लोकांनी झगडून मिळवली.

साळुंखे २००२ साली वारले. २००५ मध्ये आपल्या राज्याने कायदा केला: महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. त्यानुसार कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणी वापर संस्था स्थापन होतात. पाणी मोजून संस्थेला द्यायचे आणि संस्थेने ते सभासदांत वाटायचे. कारभारी मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला सारखे प्रतिनिधी. ही तरतूद मला फार आवडते, कारण टोकाच्या माणसाचे दुःख ज्याने भोगले आहे त्यानेच ती सुचवली असावी असे वाटते. रोहिणीच्या काठचे दोन आणि दोन ते हेच.

परंतु सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याची जमीन आहे किंवा जो ती कायदेशीर कसतो तो. त्याच पाण्यावर मजुरी करणारा नव्हे. ज्या कुटुंबांच्या वाट्याला वतनाचा तुकडा आला आणि तोही गहाण पडला, त्यांनी काय करायचे? कायद्याने पाण्याचा कारभार सरकारकडून लोकांकडे दिला, ही पुढची पायरी खरी. पण 'लोक' या शब्दात जमीन नसलेला बसला नाही. नायगावच्या माळावर जे तत्त्व पाळले गेले ते कायद्याच्या पुस्तकात आले नाही. यावर बोलले पाहिजे, निवेदने दिली पाहिजेत, आणि ज्यांची नावे सातबारावर आहेत त्या आपल्या माणसांनी तरी संस्थेच्या निवडणुकीत उभे राहिले पाहिजे. एका तालुक्यात मी पाहिले की आपल्या चार खातेदारांना आपण पाणी वापर संस्थेचे सभासद आहोत याचीच कल्पना नव्हती. पाणीपट्टीची थकबाकी मात्र त्यांच्या नावावर वेळेवर लागत होती.

आता सिद्धार्थाने सभेत जे केले ते मलाही केले पाहिजे. आपले लोकही निर्दोष नाहीत. आपल्याच वस्तीत नळ सुटला की चार घरे लाइनला मोटर लावतात. त्यांच्या टाक्या भरतात आणि पुढच्या म्हातारीच्या घागरीत फुस्स हवा येते. सकाळी हेच उपासक पंचशील घेतात. दुसरे शील काय आहे? न दिलेले घेणार नाही. मोटरने ओढलेले पाणी आपल्याला कोणी दिले होते? वरच्या गावाने कॅनॉलला भोक पाडले तर ती चोरी, आणि आपण केली तर ती अडचण, असे शीलाचे दोन अर्थ नाहीत. भिक्खूंच्या विनयात पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा साधा नियम आहे. आणि आपली गटारे कोठे जातात? त्याच नदीत, उद्भव विहिरीच्या वरच्या अंगाला. चवदार तळ्याला २० मार्चला जाऊन आलो की मागे आपण काय टाकून आलो हेही एकदा वळून पाहावे.

त्या भगिनीला मी आता उत्तर देऊ शकतो. होय, प्रश्न ग्रामपंचायतीचा आहे, आणि धम्माचाही आहे. वज्जींची भरभराट का होते याची कारणे तथागतांनी सांगितली, त्यांत पहिलेच हे की ते वारंवार सभा भरवतात, एकत्र जमतात. विहारात जमणे सोपे आहे, तेथे सगळे आपलेच. चावडीवर जमणे अवघड.

आईचे पुढे काय झाले तेवढे सांगतो. मी तिला वहीतला मजकूर वाचून दाखवायला सुरुवात केली. पुढच्या बैठकीला ती गेली. दाराशी बसली. कोणी वाईट बोलले नाही, उलट एक गृहस्थ काळजीने म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेतला? वही घरी पाठवली असती की." आई म्हणाली, "वही येती घरी. पाणीच येत न्हाई."

खोलीत थोडे हसू झाले आणि मग थांबले. वॉलमनला बोलावले. राजे-सेनापतींना जे माहीत नव्हते ते त्याला माहीत होते: वस्तीची पाइप बारीक आहे आणि टाकी अर्ध्याखाली आली की चढावर पाणी चढतच नाही. टाकी भरल्याबरोबर पहिला कॉक वस्तीचा सोडला तरच ते पोचेल. आठवड्यातून दोन दिवस तसे करायचे ठरले. पाइप बदलण्याचा विषय पुढे ढकलला गेला, तो अजून ढकललेलाच आहे. उन्हाळ्यात विहिरीनेच तळ गाठला तेव्हा ते दोन दिवसही हुकले. मोटरी काढायला लावण्यासाठी वस्तीतल्या चार घरांशी आईला भांडावे लागले, आणि त्यांतले एक घर माझ्या चुलत्याचे आहे. तो अजून आमच्याकडे येत नाही.

समितीत आपल्या वस्तीतली दुसरीही एक बाई आहे. तिच्या घरी वही अजून जाते. बैठक सोमवारी सकाळी अकराला असते. त्या वेळी गेले की दिवसाची मजुरी बुडते आणि तिच्या घरात दुसरे कमावणारे नाही. म्हणून बैठक संध्याकाळी, मजूर परतल्यावर घ्यावी, असा अर्ज दोघींनी दिला आहे. अर्ज मी लिहिला नाही. आईने सांगितला, शेजारच्या दहावीतल्या मुलीने लिहिला, आणि खाली दोन सह्या आहेत. उत्तर आलेले नाही. पुढचा सोमवार तेवीस तारखेला आहे.

जय भीम.